पंडरीचा जाड रेडिएटर

उन्हाळ्यात आमच्या घरात तीन पंखे एकदम फिरायचे आणि आईला तिघांचेही आवाज पाठ होते. छताचा पंखा टकटक करायचा, खिडकीतला कूलर पाणी गाळत घोंगावायचा, आणि कोपऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरचे पंखे बारीक शीळ घालायचे. कणीक मळता मळता ती आतून ओरडायची, “प्रज्ञे, तुह्या डब्याची शिट्टी चढली व! बंद कर त्याले!” आणि तिचं बरोबर असायचं. माझ्याकडे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, पण आईचा कान त्याच्या दोन अंश पुढे असे. घर रेल्वेलाइनीच्या अलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, होतं. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपुरात आले, बाबा त्याच रेल्वेत डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये फिटर झाले, आणि मी हाताशी आले तोवर ते निवृत्त होऊन घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायला. सकाळी सातला आंघोळ करून ते बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावत, वंदना म्हणत, आणि मग घरातली एखादी धडधाकट चालणारी वस्तू उघडायला घेत. मिक्सर, शिलाई मशीन, शेजारच्या साहू काकींचा पंप. उघडलेली वस्तू ते पुन्हा जोडतही असत, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

दुपारचं जेवण बहुतेक बासीचं असे, आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवलेला. साहू काकींनी ते आईला शिकवलं आणि आईने त्याला आपला मिरचीचा ठेचा जोडला, त्यामुळे त्या थाळीत छत्तीसगड आणि विदर्भ शेजारी शेजारी बसत आणि दोघांमुळे माझ्या नाकातून पाणी येई. दारं-खिडक्या लावून आम्ही जेवायचो, कारण धूळ. रायपूरची धूळ दोन प्रकारची. एक सगळ्या गावांत असते ती पिवळट. दुसरी आमची खास, काळी, शहराच्या उत्तरेकडच्या लोखंडाच्या कारखान्यांची. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळपाय तव्यासारखे होत. आई कुरडया वाळत घालताना वर जुनी पांढरी साडी ताणायची आणि संध्याकाळी ती साडी करडी होऊन खाली यायची. या धुळीत मी रांगले, खेळले, तिला शिव्या दिल्या. तरी रेडिएटर निवडायची वेळ आली तेव्हा ती माझ्या डोक्यात आली नाही. हे लिहिताना, इतक्या वर्षांनीही, माझे कान गरम होतात.

मी तेव्हा लोकांना गेम खेळायचे कॉम्प्युटर बांधून देत असे. दुकानात तयार मिळतात तसे नव्हेत. एकेक भाग निवडून, माणूस काय खेळतो, किती वेळ खेळतो हे विचारून बांधलेले. समता कॉलोनीतल्या कोचिंगच्या पोरांपासून सुरुवात झाली आणि पाहता पाहता माझं नाव झालं. माझ्या हाताला सफाई होती, हे मी लाजत-बिजत सांगणार नाही. मी आत ओढलेल्या वायरी बघून लोक कॅबिनेटची, म्हणजे डब्याची, काच पुसून ठेवत. माझं खरं वेड पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्युटरचं. ज्यांनी तसा कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की आतल्या तापणाऱ्या चिपवरून एक छोटा पंप पाणी फिरवतो, ते पाणी गरम होऊन नळीतून रेडिएटरमध्ये जातं, आणि रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून पंखे हवा फुंकून ती गरमी बाहेर टाकतात. गाडीत असतं तेच, फक्त लहान आणि नखरेल. हे बाबांना एकदा समजावून सांगितलं तेव्हा ते मान हलवत म्हणाले, “आमच्या इंजिनात एवढालं होतं ते. आत माणूस उभा राहून धुवायचा.” मला वाटलं, झालं यांचं सुरू.

पंडरीच्या कापडबाजारातून जी मागणी आली ती माझ्या आयुष्यातली तोवरची सर्वांत मोठी. भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं एक जुनं मराठी घर, खाली कापडाचं गोदाम, वर राहणं. मशीन हवं होतं त्या घरच्या सुनेला. सगळे तिला भाभी म्हणत, म्हणून मीही. ती अभनपुरची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. वेगवेगळ्या गावांतल्या चार मुलींबरोबर तिचा संघ होता आणि उन्हाळ्यात मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी होती. “दीदी, बस इतना चाहिए कि मैच के बीच में बंद न हो,” ती म्हणाली. तिची सासू, काकू, दारातच उभी होती. धिप्पाड बाई, अर्धं आयुष्य गल्ल्यामागे काढलेली. ती म्हणाली, “हे पहा, मी अडवून नाही राहिली. उन्हाळाभर चाललं तर राहो. नाही चाललं, आन ही दिवसभर त्याच्यापुढे हातावर हात धरून बसली, तर विकून टाकायचं, मग खेळणं-बिळणं बंद. तसं तिनं मले कबूल केलं आहे.” भाभीने खाली पाहिलं. तिचा सगळा खेळ माझ्या हाताच्या कामावर टांगलेला होता, आणि मला त्याचा आनंदच झाला. माझं मशीन बंद पडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

रेडिएटर मी आठ दिवस निवडला. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले, तक्ते पाहिले, आणि शेवटी बाजारातला सगळ्यात जाड मागवला. इतका जाड, की तळहात आडवा धरला तरी पुरा पडेना. आतले पत्रे इतके दाट, की उजेडाला धरलं तर पलीकडचं काही दिसेना. पत्रे जितके जास्त तितकी गरमी टाकायला जागा जास्त, हे गणित बरोबरच आहे, आणि मी ते बाबांना कागदावर काढून दाखवलं. बाबांनी कागद बाजूला ठेवला, फोटोपुढची अगरबत्ती उचलली, एक पंखा मंद चालू करून रेडिएटरच्या मागे धरायला मला सांगितलं आणि अगरबत्ती पुढे धरली. धूर पत्र्यांपर्यंत गेला आणि वर वळला. थोडासा आत गेला, बाकीचा खोलीत पसरला. “पाह्य,” ते म्हणाले, “धूर पार नाही जाऊन राहिला. हवा कोठून जाईन?”

“बाबा, पंखा जोरात केला की जाईल.”

“आन धूळ बसल्यावर?”

“हे इंजिन नाही बाबा. हे अडीच फुटांचं कॅबिनेट आहे. तिकडे जगभर लोक हेच लावून राहिले.”

“लाव मग,” म्हणाले आणि अगरबत्ती जागेवर ठेवून आले. मी आईकडे पाहून डोळे फिरवले. वंदनेची अगरबत्ती कॉम्प्युटरला दाखवणारा रायपुरात दुसरा माणूस नसेल, असं मी त्या आठवड्यात चार मैत्रिणींना सांगून हसले.

मशीन बसवलं त्या दिवशी पंडरीतलं अर्धं घर बघायला जमलं. पाणी मी बॅटरीच्या दुकानातलं, डिस्टिल्ड घातलं होतं, नळ्या समांतर वाकवल्या होत्या, एक थेंब गळला नाही. भाभी तीन तास खेळली आणि तापमान सत्तरीच्या खाली राहिलं. काकूंनी मागून हात लावून पाहिला, “थंडी हवा येऊन राहिली” म्हणाल्या, आणि मी मान डोलावली. आज एखाद्या शिकाऊ मुलीने तशी मान डोलावली तर मी तिला तिथल्या तिथे झापीन. तीन तास काम केलेल्या मशीनमागून थंड हवा येत असेल तर गरमी गेली कुठे, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

एप्रिल सरता सरता फोन आला. मशीन आपोआप बंद पडतं, दिवसातून दोनदा, तीनदा. मी बाबांच्या स्कूटरवर मागे पिशवी घेऊन गेले; पिशवी जड असली की ते यायचे, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. भाभीने खेळ लावला, आकडा चढत गेला, ऐंशी, नव्वद, पंचाण्णव, आणि स्क्रीन काळी. मी काच काढून टॉर्च मारला. रेडिएटरच्या पत्र्यांत खालच्या गोदामातल्या कापडाचे तंतू आणि आमची ती काळी धूळ यांचा जाड थर चढला होता, आणि दाट पत्र्यांत तो असा घुसला होता की ब्रशचा केससुद्धा आत जाईना. काय झालंय ते मला एका नजरेत कळलं. मागे काकू उभ्या, बाजूला भाभी, दारात बाबा. आणि माझ्या तोंडून निघालं, “खोलीत धूळ फार आहे. पडदे, गालिचा, गादी, सगळ्यातून तंतू उडतात. खोली साफ ठेवावी लागते अशा मशीनला. वापरण्यावर असतं.” मी ब्रशने वरवर झाडून दिलं, आकडा थोडा उतरला, आणि निघाले. काकू भाभीकडे नुसतं पाहत होत्या. भाभी म्हणाली, “ठीक है दीदी, मैं ध्यान रखूँगी.”

स्कूटरवर बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर पान्हे पुसून जागेवर ठेवले, हात धुतले, जेवले. आईने विचारलं, “काय झालं होतं मशीनले?” मी म्हणाले, “धूळ.” बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. त्यांनी रागावलं असतं तर मी भांडले असते, मला ते छान जमायचं. त्यांच्या गप्प बसण्याचं काय करावं ते मला कळेना. पुढचे दिवस मी दुसऱ्या कामात डोकं खुपसलं आणि स्वतःला पटवत राहिले, की खोलीत धूळ होतीच की, मी काही अगदी खोटं बोलले नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला, भाभीचा नाही, काकूंचा. “परसा दोनदा बंद झालं. सोमवारी आमच्या ओळखीचा माणूस मशीन न्यायला येऊन राहिला. तुमचं काही सामान असलं तर घेऊन जा.” रविवारी दुपारी दोनला पात्रता फेरी होती. फोन आला तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी मी आणि बाबा गेलो.

खोली मला ओळखू आली नाही. पडदे नव्हते, गालिचा नव्हता, पलंगावर गादी नव्हती, नुसती लाकडी फळी. खिडकीला भाभीने ओली चादर बांधली होती. उघड्या फरशीवर मशीन, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि कोपऱ्यात फडकं आणि बादली. ती दिवसातून तीनदा फरशी पुसत होती आणि फळीवर झोपत होती, कारण मी तसं सांगितलं होतं. नवरा खाली गोदामात झोपायला गेला होता. “दीदी, और क्या हटाऊँ?” तिने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता तो. मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“काकू,” मी म्हणाले, “खोलीचा काही दोष नाही. भाभीचाबी नाही. रेडिएटर मी चुकीचा निवडला. इतका दाट रेडिएटर रायपुरात टिकत नाही, आन गोदामावर तर नाहीच नाही. बाबांनी मले आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मागच्या वेळी मले सगळं कळलं होतं, तरी मी खोटं बोलली.”

मला वाटलं होतं भाभी म्हणेल, कोई बात नहीं. ती म्हणाली, “पंद्रह दिन, दीदी. पंद्रह दिन सब मेरे को सुना रहे हैं कि इसको सफाई नहीं आती. मैं ख़ुद अपने को कोस रही थी. वो गद्दा मेरी माँ ने अपने हाथ से भर के भेजा था, मैंने धूप में फिंकवा दिया.” ती रडली नाही, तिचा आवाज चढत गेला, आणि मी उभी राहून ऐकून घेतलं. काकू पुढे आल्या. “आमच्या धंद्यात कापडाचं थान फाटकं निघालं की व्यापारी म्हणतो, गिऱ्हाइकानंच फाडलं असन. चाळीस वर्षं झाले, हेच ऐकून राहिली मी. चूक माही आहे म्हणणारा एक नाही भेटला.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “रविवारी तिचा खेळ होईपर्यंत थांबते. तो पूर्ण झाला पायजे. नाही झाला तर सोमवारी मशीन गेलं.”

खाली उतरताना मी म्हणाले, “बाबा, तुम्ही त्या दिवशीच काहून नाही बोलले?”

“मी बोललो असतो तर ते माहं बोलणं झालं असतं,” ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

घरी येऊन आम्ही कामाला लागलो, आणि यावेळी अगरबत्ती मीच आणून लावली. माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरला एक पातळ, स्वस्त, विरळ पत्र्यांचा रेडिएटर होता. पैसे नव्हते तेव्हा घेतलेला, आणि घरी कोणी मशीन बघायला आलं की तो दिसू नये म्हणून मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवत असे. त्याने आमच्या घरातले दोन उन्हाळे काढले होते. पंखा मंद लावून धूर धरला, तो सरळ पार गेला आणि पलीकडे बसलेल्या आईच्या डोळ्यांत गेला. “अगं बाई!” म्हणून ती उठली आणि बाबा पहिल्यांदा हसले. तो मी काढला. तसाच दुसरा शहरातल्या एका दुकानदाराकडे पडून होता, कोणी घेत नव्हतं म्हणून. एका जाड रेडिएटरच्या जागी दोन पातळ, एक वर, एक बाजूला, म्हणजे जागा तेवढीच आणि हवेला वाट मोकळी. रेडिएटर निवडायची माझी रीत त्या शुक्रवारी ठरली आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत बदलली नाही. आधी गावची धूळ बघायची, मग धूर, आणि तक्ते सगळ्यात शेवटी.

शनिवारी पंडरीत दिवसभर जोडणी केली आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून तो ओला होतो का ते पाहत बसलो. एकच गोष्ट राहिली होती. तंतू आत जाऊ नयेत म्हणून हवा घेणाऱ्या पंख्यांपुढे काहीतरी जाळी हवी होती. भाभी माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, पण तिने गोदामातून दोन-तीन जाळीदार कापडं आणली. त्यातलं सगळ्यात बारीक मी उचललं. दारातल्या काकूंनी माझ्या हातातून ते ओढून घेतलं, ओठांना लावलं आणि फुंकर मारली. “हे नाही. दाट वीण आहे. बाहेरून जाळी दिसते, आतून भिंत.” त्या खाली गेल्या. धापा टाकत परत आल्या तेव्हा खांद्यावर चार कापडं होती. एकेकाला त्या फुंकर मारून पाहत, पलीकडे आपला दुसरा हात धरत, नापसंत करून फेकत. चौथं, मच्छरदाणीचं, त्यांना पसंत पडलं. बाबा अगरबत्ती काढायला निघाले होते, ते पाहून त्यांनी पुडी पुन्हा खिशात टाकली. “बाईनं बरोबर पाहिलं,” मला हळूच म्हणाले.

रविवारी बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खोलीत कूलर चालू असूनही घाम पाठीवरून वाहत होता. पावणेदोनला मी मशीनला मुद्दाम पूर्ण ताकदीने राबवलं, खेळात लागतं त्याहून जास्त. आकडा साठ, सत्तर, अठ्ठ्याहत्तर. तिथे येऊन थांबला. काकूंनी मागे हात धरला आणि एकदम काढून घेतला. “अवो, गरम आहे हे! मागं तर थंडी हवा येत होती!”

“गरमच पायजे, बाई,” बाबा म्हणाले. “आतली गरमी बाहेर येऊन राहिली.”

काकूंनी हात पुन्हा तिथे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. भाभीने हेडफोन चढवले. माझ्याकडे न बघता म्हणाली, “अब आप लोग जाइए, दीदी. मुझे खेलने दीजिए.” आम्ही बाहेर आलो, तिने दार लावून घेतलं. मी जिन्यावर बसले, बाबा एक पायरी खाली, आणि काकू सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून. आतून भाभीचा आवाज येत होता. इतका मोठा आवाज त्या घरात कोणी ऐकला नसेल. पीछे देख, पीछे! रुक, मैं आ रही हूँ! मी घड्याळ पाहत होते. अर्धा तास झाला. तासभर. पाऊण तास आणखी. आवाज थांबला नाही.

तेवढ्यात खालचं दार वाजलं. नात्यातल्या कोणी दोन बायका होत्या, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या. त्यातली एक पदराने वारा घेत जिन्यापाशी आली आणि म्हणाली, “सूनबाई कुठं आहे? जरा बोलाव तिले. चहा-पाणी करन.”

काकू उठल्या नाहीत. जिना अडवून बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या.

“तिची मॅच चालू आहे,” त्या म्हणाल्या. “बसा. चहा मी करते.”